ताईच्या कोटाचं पान

अंक हातात घेतला तेव्हा मोजपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गृहस्थाला आधी वाटलं, छापखान्यात काहीतरी घोळ झालाय. मासिकाचं नाव वरच्या बाजूला असायला हवं, ते खाली कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. मुखपृष्ठावर चेहराच नव्हता. एका माणसाची मान होती आणि विरलेली कॉलर. आत मथळे पानाच्या मधूनच कुठूनतरी सुरू होत आणि कडेपर्यंत जाऊन अडखळत. एका पानावर चार ओळी आणि बाकी सगळा कोरा कागद. पानांचे आकडे तर आतल्या घडीत घुसलेले, बोटांनी पान फाकवल्याशिवाय दिसायचे नाहीत.

"कसं वाटलं, काका?" संपादिकेनं विचारलं.

तो नोकरी मागायला आला होता. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती. "कागद चांगला आहे," तो म्हणाला. ती खळखळून हसली आणि त्याला कामावर ठेवून घेतलं.

मोजपट्टी हे नाव त्याला आधीच्या साप्ताहिकातल्या लोकांनी दिलं होतं. बायकांचं साप्ताहिक होतं ते, घराघरांत जाणारं, आणि त्याची पानं लावण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. पोलादी पट्टी सदऱ्याच्या खिशात कायम. पुढे पानं संगणकावर लावायला लागला तरी पट्टी खिशातून गेली नाही. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, तर चहा पिऊन होईपर्यंत त्याचा जीव तिकडेच.

त्या साप्ताहिकाची मांडणी त्याच्या हाडामांसात मुरलेली होती. मुखपृष्ठावर बाई हवी, बाई हसरी हवी, तिनं वाचकाच्या डोळ्यांत बघायला हवं. उजवं पान जाहिरातीचं, कारण पान उलटलं की नजर आधी तिकडेच पडते. गरीब लेखकांना डावं पान. मधलं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, सगळ्यात मानाचं, तिथे नटी. फोटो आला की पहिलं काम कापायचं. बाजूला उभी असलेली माणसं, कुणाचं कोपर, मागची बादली, सगळं छाटून बाई तेवढी ठेवायची. मग बाईतलंही थोडं कमी करायचं: कंबर आत, हनुवटीखालचं जरासं साफ, डोळ्यांखालच्या रेषा गायब. त्याचा हात इतका हलका होता की त्या बायकांनाही वाटायचं, आपण खरंच अशा दिसतो.

मग साप्ताहिक बंद पडलं. मालकांनी सगळ्यांना बोलावून चहा पाजला आणि सांगून टाकलं. मोजपट्टी घरी बसला. घरी बसलेला माणूस सारखा मधेमधे येतो; त्यानं ताईचे सुईदोऱ्यांचे डबे रंगांप्रमाणे लावले आणि दुसऱ्या दिवशी ताईला एकही दोरा सापडेना. शेवटी एका ओळखीच्या छापखानेवाल्यानंच कळवलं की एक मुलगी फॅशनचं एक वेगळंच मासिक काढते, पानं लावणारा सोडून गेलाय, बघा जमतंय का. "जा रे बाबा," ताई म्हणाली, "नाहीतर मी तुला शिवून टाकीन."

ताई त्याची थोरली बहीण. घरात दोघंच. आई लवकर गेली, वडील मालाच्या गाड्या चालवायचे, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्याला न्हाऊ घालण्यापासून पाटीवर अक्षर गिरवून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ती वयात येत होती तेव्हाच तिची पाठ वाकायला लागली. डॉक्टरांनी पट्टे बांधले, आडव्या फळीवर निजवलं, पण कणा उजवीकडे जायचा तो गेलाच. एक खांदा वर राहिला, पाठीवर उंचवटा आला. नवीन माणूस भेटला की ती स्वतःच बोलून मोकळी व्हायची: "हा माझ्या पाठीवरचा. म्हणूनच पाठ अशी झाली." समोरचा ओशाळायचा, मोजपट्टी मान खाली घालायचा आणि ताई विषय बदलायची.

तयार कपडा तिच्या अंगाला कधी बसला नाही. म्हणून ती शिवायला शिकली. आधी स्वतःपुरतं, मग शेजारणींचं, मग त्यावरच घर चालायला लागलं. भाऊ छापखान्यात लागला तो तिच्या शिलाईच्या जोरावर. लग्नाचं कुणी तिला विचारलं नाही. त्याला विचारलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही, आणि पुढे लोकांनी विचारणं सोडलं.

नव्या मासिकाची कचेरी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत होती. जिन्यात रबराच्या सोल्यूशनचा वास, वर दोन टेबलं, एक संगणक आणि खिडकीत कुंड्या. माणसं मोजून तीन: संपादिका, तो आणि एक उंच फोटोग्राफर, जो दिवसभरात चारच वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक "चहा झाला का?" असायचं. पहिल्याच आठवड्यात मोजपट्टीनं एक फोटो सवयीनं कापला. एक पोस्टमनबाई होत्या, स्वतः शिवलेल्या रेनकोटात. मागे दारात चपला पडल्या होत्या, त्या त्यानं छाटल्या. फोटोग्राफर त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, चपला." एवढंच. मोजपट्टीनं चपला परत आणल्या, पण त्याला ते पान बघवेना.

घरी येऊन तो ताईपाशी कुरकुरला. त्यांना मांडणीचा गंधच नाही, सगळं मनाला येईल तसं चाललंय. ताई मशीनवर होती. तिनं विचारलं, "सगळंच मनाला येईल तसं असेल, तर अंकामागून अंक सारखे कसे दिसतात?" दुसऱ्या दिवशी तो कचेरीतले जुने अंक पिशवी भरून घरी घेऊन आला.

त्यानं ते सुटे केले आणि ताईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून पानं टांगली. मग दोघं भाऊबहीण खालून वर बघत त्या पानांखालून फिरू लागले. तो मांडणी बघत होता, ती कपडे. "ही बाही बघ, उलटी लावून वाढवलीय, हुशार आहे बाई," ती म्हणायची. तो पट्टी लावून समास मोजायचा. बरेच दिवस संध्याकाळी हेच चाललं. ओले कपडे खुर्च्यांवर वाळू लागले.

हळूहळू त्याला दिसायला लागलं. इथे फोटो कधीच कापलेला नव्हता. फोटोग्राफरनं जेवढं टिपलं तेवढं सगळं, कडेच्या बादलीसकट, चपलांसकट. फोटो आधी बसायचा आणि मजकूर उरलेल्या जागेत आपली सोय बघायचा. म्हणून रकाने कुठे अरुंद, कुठे आखूड. सांगण्यासारखं संपलं की लिखाण थांबायचं आणि खालचा कागद कोराच राहायचा, भरती कुठेच नाही. फोटोखालची ओळ लेखाच्याच अक्षरात असायची, डोळे बारीक करून वाचावी लागत नव्हती, आणि तिच्यात कापड कुठलं, शिवलं कुणी, किती वर्षं अंगावर आहे, एवढं यायचंच. माणसं क्वचित हसायची. बहुतेक आपापल्या कामाकडे बघत असायची, जणू फोटोग्राफर नसलाच तरी चाललं असतं. जाहिराती दोन-तीन, त्याही सगळ्यात शेवटी.

"नियम आहेत गं," तो ताईला म्हणाला, काहीसा हिरमुसून. "माझ्यापेक्षा कडक आहेत."

संपादिकेला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती थोडी लाजली. म्हणाली, मला नीट शब्दांत सांगता आलं नसतं. मग कुंडीतली वाळकी पानं खुडता खुडता तिनं आपल्या आईचं सांगितलं.

"माझी आई तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. फक्त बाह्या. डाव्या बाह्या जोडायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पूर्ण शर्ट तिनं कधी दुकानाच्या काचेत बघितला तर बघितला. घरी येऊन म्हणायची, आज बाह्या चांगल्या झाल्या. मला अर्धवट काही छापवत नाही, काका."

मोजपट्टीनं विचारलं, मग पानांचे आकडे घडीत का? तिनं जीभ चावली. ते उगीच, म्हणाली, वेगळं दिसावं म्हणून. त्यानं आकडे बाहेर आणले. त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

थंडी पडली तसा तो कोट घालून यायला लागला. उभा जन्म टेबलावर वाकून काम केल्यानं त्याचा एक खांदा उतरला होता. ताईनं कोटाच्या आत भराव घालून तो असा काही सावरला होता की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. संपादिकेला लागला. कोट खुंटीवर होता तेव्हा तिनं तो आतून उलटून बघितला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, कुणी शिवला. पुढचा अंक ती अशाच कपड्यांवर काढणार होती: माणसांनी आपल्या अंगाप्रमाणे करून घेतलेले कपडे. मोजपट्टीनं सांगितलं, ताईनं. आणि ताईचं तो काय सांगणार होता कोण जाणे, पण ते अर्धवट सोडून त्यानं म्हटलं, तुम्हीच या घरी.

ताईनं पाहुण्यांना चहा दिला, नेहमीचा विनोद केला, संपादिका ओशाळली नाही, उलट म्हणाली, "मग या पाठीचा कोट दाखवा ना." ताईचे कोट कपाटात ओळीनं होते. तिनं पाठीचा भाग मधे कापून दोन वेगळ्या मापांचे तुकडे जोडले होते, उंचवट्यावर बारीक चुण्या, एक बाही दुसरीपेक्षा लांब, आणि अंगावर घातला की दोन्ही मनगटं बरोबर सारखी. गडद हिरवा कोट तिचा आवडता. संपादिका तो हातात घेऊन बराच वेळ बसली.

फोटोचं नाव काढताच मात्र ताईनं चहाचे कप उचलले. कोट न्या हवा तर, मी नाही. मोजपट्टीला हे ठाऊकच होतं. घरातल्या सगळ्या फोटोंत ताई खुर्चीमागे उभी असायची, नाहीतर कुणाचं तरी मूल पुढ्यात घेऊन. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ती आपणच जागा शोधून उभी राहायची, आणि सगळ्यांना ते सोयीचं जायचं.

तेव्हा कोट गेला. फोटोग्राफरनं तो हँगरवर लावून टिपला, चांगल्या उजेडात, मनापासून. मोजपट्टीनं त्याचं पान लावलं आणि प्रूफ ताईला दाखवायला घरी आणलं. तिनं चष्मा चढवला. बघता बघता तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. रागावली की व्हायचा.

"हे काय केलंय?"

"तुझाच कोट आहे."

"माझा कोट असा नाही." हँगरवर तो कोट खरंच भिकार दिसत होता. एक बाही लोंबत होती, पाठीवरच्या चुण्या फुगून पोतं झालं होतं, कॉलर वाकडी. नवशिक्या शिंप्यानं बिघडवून टाकल्यासारखा. "लोक म्हणतील, हिला शिवता येत नाही. आत माणूस असल्याशिवाय त्याला काय अर्थ आहे? नीट बसतो तो. तू बघितलायस ना कसा बसतो?"

"बघितलाय."

ताईनं प्रूफ घडी करून मशीनखाली सारलं. भांडी घासली. डबे लावले. मग पदर नाही, रुमाल नाही, नुसत्या ओल्या हातांनी दारात येऊन म्हणाली, "त्या उंच पोराला सांग, उद्या ये म्हणावं. पण मी हसणार नाही."

"हसायचं नसतंच त्यांच्यात," मोजपट्टी म्हणाला.

फोटोग्राफर आला. ताईनं कोटाला स्वतः इस्त्री केली आणि अंगात घातला. तो तिला काहीच म्हणाला नाही, इथे बघा नाही, मान वर करा नाही. ती कंटाळून मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेली शिवण पुढे चालवायला लागली. खिडकीतला उजेड तिच्या पाठीवर पडला होता. डाव्या बाजूला नुसती भिंत, भिंतीवर कापलेले कागदी नमुने अडकवलेला खिळा. त्यानं मागून, जरा बाजूनं फोटो टिपला. निघताना म्हणाला, "झालं, ताई." ते त्याचं त्या दिवसाचं चौथं वाक्य असावं.

फोटो संगणकावर उघडला आणि मोजपट्टीचे हात थांबले. ताईला तो रोज बघत होता, पण अशी, तिला न सांगता, तिच्या पाठीकडे टक लावून त्यानं कधी बघितलं नव्हतं. लहानपणी याच पाठीवर तो बसायचा. नंतर तिची पाठ दुखायला लागली तेव्हा वडिलांनी त्याला बजावलं होतं, तिच्या अंगावर चढायचं नाही, आणि तेव्हापासून नजरही बहुधा त्यानं तिकडून काढून घेतली होती. कोट उंचवट्यावरून पाण्यासारखा उतरला होता. चुण्या मिटून गेल्या होत्या. दोन्ही मनगटं मशीनवरच्या कापडावर, अगदी सारखी.

संपादिकेनं मधलं जोडपान ताईला दिलं होतं आणि मांडणी त्याच्यावर सोपवली होती. त्यानं फोटो डाव्या कडेपासून आडवा दोन्ही पानांवर टाकला, उजवीकडे मजकुराला एक रकाना ठेवून. घडी नेमकी पाठीवर आली. मासिक मधे पिनांनी शिवलेलं असे. म्हणजे ताईच्या पाठीत दोन पिना. त्यानं फोटो लहान करून बघितला, तर ती दूर गेली, कुठल्यातरी खोलीतली कुणीतरी बाई झाली. डावीकडची रिकामी भिंत छाटली की सगळं चपखल बसत होतं, ताई आणि मशीन उजव्या पानावर आणि डाव्या पानावर मजकूर. साप्ताहिकात त्यानं डोळे मिटून हेच केलं असतं. त्यानं छाटलं, बघितलं. चार भिंतींतून उचलून तिला दुकानाच्या काचेत बसवल्यासारखं वाटलं. त्यानं भिंत परत आणली.

संपादिका मागून बघत होती. तिनं सुचवलं, लेख दुसऱ्या पानावर नेला तर? इथे मजकूर नकोच.

मग त्यानं फोटो सगळाच ठेवला आणि मजकुराचा रकाना काढून एवढा मोठा केला की घडी भिंतीवरून गेली. पिना भिंतीत, कागदी नमुन्यांच्या खिळ्याशेजारी. डावं पान नुसती भिंत. उजव्या पानावर ताई, पूर्ण, मशीनच्या पायांसकट आणि जमिनीवर सांडलेल्या चिंध्यांसकट. कुठे काही कमी केलं नाही, कुठे काही गुळगुळीत केलं नाही. खाली फोटोची ओळ हवी होती. ताईला विचारलं तर तिनं मशीन न थांबवता सांगितलं, आणि त्यानं तसंच टाकलं: "लोकरीचा कोट, अस्तर जुन्या पडद्याचं. मीच शिवलाय. धुवून धुवून आता जास्त चांगला बसतो."

पान पाठवून दिल्यावर तो खाली सायकलवाल्याच्या बाकावर जाऊन बसला. डोळे पुसले. सायकलवाल्यानं न विचारता त्याच्या हातात चहा दिला.

अंक छापून आला. मोजपट्टीनं तो ताईच्या हातात दिला आणि उगीच पाणी प्यायला आत गेला. आतून कान देऊन होता. ताईनं मधलं पान उघडलं, ते कळलं.

"कॉलरला इस्त्री कमी पडलीय," ती शेवटी म्हणाली. मग आणखी थोड्या वेळानं, "बरा बसलाय पण."

"बरा?"

"चांगला बसलाय. झालं समाधान?" आणि नंतर, त्याच्याकडे न बघता, "मागून मी आईसारखी दिसते की काय रे?"

त्याला आई आठवत नव्हती. तो तिच्याशेजारी बसला आणि दोघांनी मिळून ते पान बघितलं. ताई सांगत गेली, आईच्या मानेवर केस असेच यायचे, आई पण वाकून काम करताना डावा पाय असाच पुढे टाकायची. हे तिनं त्याला आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

अंक फार खपला अशातला भाग नाही. ते मासिक कधीच फार खपलं नाही. पण काही दिवसांनी एक बाई पत्ता विचारत विचारत दारात आल्या, सोबत शाळकरी मुलगी. मुलगी पिशवी छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभी. ताईनं एका नजरेत ओळखलं. पिशवी मोजपट्टीच्या हातात दिली आणि मुलीला खिडकीशी आणलं. टेप काढला तशी आईनं सवयीनं सांगितलं, सरळ उभी राहा गं.

"नको," ताई म्हणाली. "दमतेस ना सरळ राहून? सोड. रोज उभी राहतेस तशी राहा. मला त्याचंच माप हवंय."

मुलीनं आईकडे बघितलं, मग हळूहळू खांदा सोडून दिला. ताईनं टेप तिच्या पाठीवरून फिरवला, हलक्या हातानं, आणि माप मोठ्यानं न सांगता मनातच ठेवलं. रंग कुठला हवा म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, पिवळा. तिच्या आईनं घाईनं म्हटलं, पिवळ्यात सगळ्यांचं लक्ष जातं, काळा नाहीतर निळा बघूया.

ताईनं मोजपट्टीकडे वळून विचारलं, "पिवळा चांगला छापला जातो ना रे?"

"फार चांगला," तो म्हणाला.

त्यानं चहा ठेवला. मागच्या खोलीतून त्याला ऐकू येत होतं, ताई त्या मुलीला जुने कोट घालून दाखवत होती, कुठला कुठे चुकला होता ते सांगत होती, एकात म्हणे बाही पाठीमागूनच निघाली होती. मुलगी आधी तोंड दाबून हसली, मग मोठ्यानं. तिची आईही हसायला लागली. चहा उतू जाता जाता राहिला.